दात

पत्र आलं तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं.
उलानबातरमधल्या टायरच्या दुकानावरची आमची खोली,
चार खुर्च्या, तीन माणसं, एक हीटर.
नारमंदाखनं मोठ्यानं वाचलं : एक लाख डॉलर!
मग खालच्या आवाजात : क्रेडिटच्या रूपात.
मुदत दोन वर्षं.

मी हिशेब ठेवते इथे.
जमेला धरू की नको, कळेना.
या लाखातून कोळसा येत नाही,
सोल्मोनचा थकलेला पगार निघत नाही,
खालच्या बाईकडचे चार वाफाळते बूझसुद्धा मिळत नाहीत.
तो फक्त त्यांच्याच दुकानात चालतो,
जत्रेतला बिल्ला जसा एकाच पाळण्यावर.
तरी नाचलो आम्ही. खोटं कशाला बोलू.
सोबत एक काळी पिशवी आली होती,
तिचे बंद चांगले जाड होते.

आमचं काम सांगायला सोपं :
वरून काढलेले बर्फाचे फोटो बघायचे
आणि मेंढपाळांना फोनवर कळवायचं,
त्या उतारावरचं गवत गाडलं गेलं,
आज रात्रीच कळप हलवा.
झुद आला की जनावरं उभ्याउभ्या गोठतात,
वसंतात वितळून आडवी होतात.
पहिल्या हिवाळ्यात तीनशे बारा घरं वेळेवर हलली.
हेही जमेलाच लिहायचं,
पण माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

तिचे वडील आरखांगायहून आले,
खांद्यावर मेंढीचं गोठलेलं धड.
पडद्याकडे बघत म्हणाले,
कुणी दिलं हे?
कंपनीनं.
कशाला?
आम्ही वाढावं म्हणून.
दात बघितलेस?
ती हसली. धर्माच्या गाईचे दात कोण बघतं!
ते हसले नाहीत.
म्हणाले, माझ्या आजाकडे मठाची चाळीस मेंढरं होती, अर्धलीनं.
दूध आमचं, लोकर थोडी आमची, मेंढरं मठाची.
झुदात मेली, की मात्र आमची.

आम्ही त्यांना चहा दिला. खारा, भरपूर दुधाचा.
आणि यंत्रं चालूच ठेवली,
रात्री, सुट्टीत, कुणी काही विचारत नसतानाही,
फुकटच्या दिव्याची वात कोण खाली करतं?
सोल्मोननं सगळं त्यांच्याच पद्धतीनं बांधलं,
त्यांच्याच गाठी, त्यांच्याच खुंट्या.
पटापट होत होतं. छान होत होतं.

पंचविसाव्या महिन्यात बिल आलं :
चार हजार एकशे ऐंशी.
यातलं एक एक डॉलर खरं.

त्यांच्याकडचा मुलगा फोनवर बोलला, सिंगापूरहून,
मनानं चांगला होता बिचारा,
आमच्या थंडीबद्दल दोनदा विचारलं त्यानं.
सोल्मोननं सगळं उचलून दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला,
अकरा रात्री.
विकलेला घोडा दावं तोडून जुन्या कुरणाकडे पळतो म्हणतात.
आमचा घोडा तर आमच्याच दारात जन्मलेला,
आणि त्याला वाट ठाऊक फक्त त्यांच्या कुरणाची.

शेवटी निम्मं बंद केलं.
बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतून एक जुनं यंत्र आणलं,
ते टेबलाखाली घरघरतं,
आम्ही आळीपाळीनं त्याच्यावर पाय शेकतो.
फोटो नाहीत आता. नुसते संदेश जातात, उशिरा,
पण जातात.

काल दुसऱ्या कंपनीचं पत्र आलं.
दीड लाख.
नारमंदाख बराच वेळ काचेवरचं बर्फ नखानं खरवडत राहिली,
मग म्हणाली, भर अर्ज.
बाबांना सांगू नकोस.

ते जिन्यातच होते,
त्याच काळ्या पिशवीत मांस घेऊन.
बंद तेवढे खरंच मजबूत निघाले.

मी अर्ज उघडला.
नाव, गाव, माणसं किती, स्वप्न काय, शंभर शब्दांत.
तळाशी मुंगीएवढी अक्षरं.
जनावराचा ओठ अंगठ्यानं वर करावा
तसं मी पान वर सरकवलं,
आणि मोजायला लागले.