पेन गळतं

साडेबाराला सुटते आमची अंगणवाडी.
होंड्याच्या कंपनीत रात्रपाळी करून
रेणव्वा सकाळी खोलीवर जाते, पाणी भरते, भात रांधते
आणि भाग्याला न्यायला येते.
आज आली, चपला काढल्या,
"बाई, एक मिनिट," म्हणून चटईवर टेकली
आणि झोपली.

मी हाक मारणारच होते.
महिन्याचा अहवाल आजच भरायचा,
एकची बस चुकली की पुढची अडीचला,
आणि फोनला रेंज फक्त आंब्याखाली.
तिथे टाचा उंचावून मी
चौदा मुलांची वजनं सरकारला कळवते.
सत्यवतीने ओठांवर बोट ठेवलं.
खिचडीचा रिकामा टोप तिने असा उचलला
जणू तोही झोपलाय.

बाहेर काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
वरच्या वाड्यावर भट्टी लागली असावी.
भाग्याने बाहुलीचं पांघरूण आणलं,
हातरुमालाएवढं.
आईच्या गुडघ्यावर घातलं. मग विचार करून
काढलं
आणि डोळ्यांवर घातलं.

गेल्या महिन्यात सुपरवायझर बाईंनी विचारलं,
पालकसभेला आया का येत नाहीत?
मी म्हटलं, बोलावते.
तेव्हा सांगायला हवं होतं
की येतात आया,
पण बसल्या की त्यांचं हे असं होतं.

माझी कंबर, सत्यवतीची साखर,
दोन महिने अडकलेलं मानधन,
हे आम्ही एकमेकींना भांडी घासताना सांगतो,
नळ सोडून.
ऐकू नाही आलं तरी चालतं.

सव्वादोनला ती दचकून उठली.
"किती वाजले? कुणाला सांगू नका हां, बाई."
गालावर चटईचे वळ.
सत्यवतीने स्वतःच्या डब्यातली पेज पुढे केली,
वर खारातलं एक तोर.
रेणव्वा नको नको म्हणत खाऊ लागली.
भाग्या शेजारी मांडी घालून बसली
आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाली,
"सगळं संपवायचं. मग हात धुवायचे."

हजेरीपटावर मी चौदा लिहिलं.
शेजारी शाईचं एक टिंब दिलं.
सत्यवतीकडे बघून आणखी एक.
तपासणीला कुणी विचारलं तर सांगेन,
पेन गळतं.

माझं टिंब राहिलं.
किती गळेल एक पेन.