ड्राइव्हवेच्या तोंडाशी

ऑक्टोबर सरत आला तरी माझं ठरत नव्हतं.
कॅल्युमेटच्या उतारावर, बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये
ऑर्वो हिएटालाचं दुकान. लेनच्या गुळगुळीत फळ्यांवर
ओळीने यंत्रं: केशरी, लाल, एक पिस्ता रंगाचं,
शाळेच्या फोटोसाठी उभ्या केलेल्या पोरांसारखी
दात दाखवत.

त्याचा नातू हॉर्सपॉवर सांगत होता,
हेडलाइट, गरम होणारी मूठ, पन्नास फूट फेक.
पन्नास फुटांवर आमच्याकडे
मिसेस प्रुडोमचं स्वयंपाकघर लागतं, मी म्हटलं.
पोरगा जरा गप्प झाला.

ऑर्वो स्टुलावरून उठला नाही.
कॉफीत टोस्ट बुडवत विचारलं,
वारा कुठून येतो तुझ्याकडे?
बर्फ टाकतेस कुठल्या अंगाला?
आणि पालिकेचा नांगर रस्ता साफ करून गेला
की तुझ्या तोंडाशी काय उरतं?

बावीस वर्षं त्या घरात राहते मी.
वारा सरोवरावरून येतो, एवढं माहीत होतं.
बाकीचं डेलमरला माहीत. तो बाहेर, मी खिडकीत,
बावीस हिवाळे.
आता तो टूसॉनला. तिथे बर्फ सरबतात असतो.
निवडुंगाची पोस्टकार्डं पाठवतो.
यंत्र मात्र ठेवून गेला, आणि तेही मार्चमध्ये बसलं,
गिअरबॉक्स उभा चिरून.

ऑर्वोनेच उघडलं होतं ते.
ही शिअर पिन नव्हे, म्हणाला, हा बोल्ट आहे. पोलादी.
पिनेने तुटायचं असतं, म्हणजे बाकीचं वाचतं.
तुझ्या नवऱ्याने तुटण्यासारखं काही ठेवलंच नाही.
तेवढं मला माहीत आहे, मी म्हटलं.

मग तो उठला. मागच्या लेनवर,
जिथे पूर्वी चेंडू परत यायचे,
एक जुनं लाल उभं होतं, कोपऱ्यांना रंग उडालेला.
ओतीव लोखंडाचा गिअरबॉक्स. पट्टा माझ्याकडे असतो.
आणि हे बिघडलं तर मी चालत येऊ शकतो,
अजून तरी.

मिटन घालून ओढ, म्हणाला. उघड्या हाताने
ऑक्टोबरात कुणीही ओढतं.
पहिल्या ओढीला काही नाही.
दुसरीला खोकला.
तिसरीला अख्खा हॉल थरथरला,
फडताळातले उरलेसुरले बोलिंगचे पिन
आपापसात बोलायला लागले.
धुराड्याची मान एका हाताने वळवून पाहिली:
डावीकडे प्रुडोम, उजवीकडे कुणीच नाही.
उजवीकडे.

नऊशे सांगितले, आठशे साठला तुटलं,
वर सहा पिना, औषधाच्या रिकाम्या बाटलीत.
आधी इंजिन बंद, मग हात, ऑर्वो दारापर्यंत येऊन म्हणाला,
आणि पुन्हा म्हणाला.

जानेवारी. पहाटे चारला नांगर गेला,
त्याचा पिवळा दिवा छतावरून फिरून गेला.
तोंडाशी कमरेएवढा बांध: मीठ, खडी, रस्त्याचे टवके,
ज्याला बर्फ म्हणवत नाही.
घोडामैदान जवळच होतं.
लाल आत शिरलं. चघळत, गुरगुरत, अर्धा बांध खाल्ला,
उजवीकडे काळी चिखलट कमान उडाली आणि
टक्.

इंजिन चालू, जबडा गप्प.
बंद केलं. वाकले. दातांमध्ये
रविवारचं वर्तमानपत्र, लाकडासारखं गोठलेलं.
डेलमरच्या नावाचं. अजून येतं.
पिन ओठांत धरायची नसते, ओठाला चिकटते;
हे ऑर्वोने सांगितलं नव्हतं.
रक्ताची चव, बोटं जागेवर नाहीत,
दुसऱ्या फटक्याला पिन बसली.

बाकीचा अंक उडाला तेव्हा
वाऱ्याने दिशा बदलली होती.
महिनाभर मिसेस प्रुडोमच्या स्प्रूसवर
अर्धं शब्दकोडं लटकत होतं,
आडवे शब्द तेवढे.
उभे माझ्या अंगणात कुठेतरी.

बाटलीत पाच उरल्यात.