खिळ्यांचा हिशेब

मी कारकून. तलवार उपसली नाही कधी.
उत्तरेच्या शेवटच्या ठाण्यात
जिथं नकाशाचं कातडंच संपतं,
सहा हिवाळे मी सातू मोजला.

आता नार्बोत, अंजिराखाली बसलो की
पोरं विचारतात, मग तो मुलूख जिंकला का नाही?
त्यांना एखादी हरलेली लढाई हवी असते.
लढाई झाली. आम्हीच जिंकलो.
जिंकून इकडंतिकडं पाहिलं
तर शरण यायला कुणी नव्हतं.

वेस नाही, कोठार नाही,
राजा म्हणावा तर तोही गुरांमागे डोंगरात.
गोल झोपड्या. चुलीतली राख अजून ऊन.
आणि एक बहिरा कुत्रा,
आमच्या पाच हजारांकडे पाठ करून झोपलेला.

सेनानी म्हणाला, कर बसवा.
मी पाटी काढली. शाई थिजलेली,
काखेत धरून पातळ केली.
तांकोरी नावाची बाई आली, अनवाणी, बर्फातून.
तिनं टोपली उपडी केली:
दलदलीतला काळा चिखल, विटांसारखा कापलेला.
‘इथं हेच मिळतं,’ दुभाष्या म्हणाला.

मी लिहिलं.
जमा: चिखल, टोपली एक.
खर्च: तो वसूल करायला गेलेले ऐंशी जण,
त्यांचे लोकरी मोजे, खेचरांचा चारा,
नदीत गेलेली दोन खेचरं,
तिसरं कुठं गेलं ते कुणी सांगेना.
बेरीज तीनदा केली. तीनदा तीच आली.

रात्री हल्ला होत नसे. तेच वाईट.
नुसती माणसं कमी होत.
पहाऱ्यावरचा वात्तो असाच गेला.
वसंतात दिसला पलीकडच्या उतारावर,
मेंढरं राखत होता, कडेवर पोर.
त्यानं हात केला.
मी हजेरीत लिहिलं: मृत.

मग हुकूम आला, परत फिरा.
दूर कुठल्या नदीवर दुसरी सीमा उसवली होती.
तुळया काढल्या, भांडी फोडली,
आणि खिळे, नवेकोरे, गाड्या भरभरून,
खड्ड्यात लोटून वर माती ओढली,
त्यांच्या हाती पडून भाले होऊ नयेत म्हणून.
आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी न मोजता सोडली.
समोरच्या टेकडीवर तांकोरी उभी होती.
थोडा वेळ पाहिलं तिनं, मग दूध काढायला गेली.

इथवर पोरं कंटाळतात. उठून जातात.
काल धाकटी मात्र बसून राहिली.
म्हणाली, आणि त्या चिखलाचं काय केलंत?

कोपऱ्यात पडून होता तो, वाळून कोळ झालेला.
शेवटच्या रात्री लाकूड सगळं बांधून झालं होतं,
थंडीनं दात वाजत होते,
तेव्हा कुणीतरी चिडून तो विस्तवात भिरकावला.

पेटला, पोरी.
ज्वाळा नाही, आवाज नाही,
पहाटेपर्यंत लाल.
सहा हिवाळे आम्ही त्याच्यावरून चालत होतो.