कोणत्या हातात

माझं काम लक्षात ठेवण्याचं.
पिकरिंगच्या जुन्या स्टेशनात, घडीच्या खुर्चीत,
मांडीवर वही, गळ्यात स्टॉपवॉच,
मी लिहून घेते:
पत्र उजव्या हातात. मफलरची गाठ डावीकडे.
चहा काठापासून दोन बोटं खाली.
फलाटावरचं घड्याळ चार दहा.

चार दहाच राहणार आहे ते.
कलाविभागातल्या पोराने सकाळीच काटे तारेने बांधलेत.

गोष्ट तशी साधी.
एकोणीसशे एक्केचाळीसमध्ये एक बाई
ह्या बाकावरून उठून एकाला निरोप देते.
एकोणऐंशीमध्ये दुसरी एक बाई
ह्याच बाकावर एकाची वाट बघते,
गाडी येते, तो उतरत नाही.
नटी एकच. नटही एकच.
दिग्दर्शक सांगतो, दोन्ही आयुष्यं एकाच वेळी चालू आहेत,
एक खालच्या मजल्यावर, एक वरच्या,
कधीमधी पावलं ऐकू येतात, बस.
मी मान डोलावते.
मला त्यातली पावलं तेवढी पटतात.

चित्रीकरण उलटसुलट.
आधी विरह, जेवणानंतर पहिली भेट,
मरण गुरुवारी, कारण गुरुवारी इंजिन स्वस्तात मिळतं.
सगळ्या तुकड्यांना शिवण लागेल अशी
धार सांभाळते ती मी. कुणाचं बटण सुटलं,
कुणाची ओली बाही मधेच वाळली,
तर उद्या कुठल्याशा थिएटरात
एखादा खट्याळ म्हातारा बोट दाखवून हसेल.

अच्युत हसायचा तसा.
यॉर्कमध्ये तो कवळ्या बनवायचा,
लोकांची हसू ओळीने ट्रेमध्ये वाळत ठेवायचा,
आणि मला म्हणायचा,
तुला परक्यांचे हात पाठ,
घरातल्या किल्ल्या कुठे आहेत ते सांग.

स्कार्बरोचं हॉस्पिटल. तिसरा मजला.
खिडकीच्या कट्ट्यावर एक सीगल, एका पायावर.
आठला भेटीची वेळ संपायची,
नर्सने आठ वाजलेले पाहिले नाहीत.
मी त्याचा हात धरून होते.

कोणता?

खुर्ची खिडकीच्या बाजूला होती, म्हणजे डावा.
पण सलाइनही खिडकीच्याच बाजूला होतं, म्हणजे उजवा.
अंगठी लागत होती बोटांना, म्हणजे...
अंगठी तर सूज आल्यावर काढून
माझ्याच पर्समध्ये टाकली होती, नाण्यांच्या कप्प्यात.
अकरा महिने मी हा प्रसंग परत परत लावते.
सीगलचा पाय आठवतो. उजवा.
पलंगाखालच्या सपाता, एक उताणी.
हात कोरा.

सहाव्या टेकला
नटाने पत्र डाव्या हातात घेतलं.
का कोण जाणे, नाक पुसायचं असेल.
आणि तेवढ्यात त्याला खरंच रडू आलं,
फलाटावर सगळे गप्प,
ध्वनीवाल्याने डोळे मिटले.
दिग्दर्शक म्हणाला, झालं, हेच.
मग सवयीने माझ्याकडे वळला:
सगळं जुळतंय ना?

पाच टेक उजवा. एक डावा.
वहीत कधी नव्हे ती बोटं अडली.

जुळतंय, मी म्हटलं.

जाऊ दे.
खालच्या मजल्यावर उजवा धरला असेल,
वरच्या मजल्यावर डावा.
कुठलाच रिकामा राहिला नसेल.
(असं आपलं मी म्हणते. मजल्यांवर माझा विश्वास नाही,
हे आधीच सांगितलंय.)

संध्याकाळी सामान आवरताना
तो पोरगा शिडीवर चढला,
पक्कडीने तार तोडली.
दिवसभर बांधलेले काटे
हलके झाले आणि दोन्ही खाली लोंबले,
साडेसहा वाजल्यासारखे.
खरी वेळ वेगळीच होती.
कपातला चहा अजून काठापासून दोन बोटं खाली,
वर साय धरलेली.
मी तो उचलला, थंडगार,
आणि पिऊन टाकला.