धातू बरणीत

पहिल्या दिवशी कर्स्टी म्हणाली, बांगड्या काढा.
धातू कागदाला लागतो.
काढल्या, त्यांच्यात अडकवलेल्या सेफ्टी पिनेसकट.
लॉकर नंबर चौदा.
इचलकरंजीत बँकेच्या काउंटरवर
एकोणीस वर्षं बांगड्या घालूनच नोटा मोजल्या,
कुणाचं काही बिघडलं नाही.
इथे ग्रिम्सबीत वय त्रेचाळीस, पद नवशिक्याचं,
करार नऊ महिन्यांचा,
आणि साहेब माझ्या पुतणीच्या वयाची.

काम सोपं आहे. सोपं म्हणजे
दिवसभर तेच.
बंद पडलेल्या मासेमारी कंपनीचे तीनशे बारा खोके
गोदीवरून आलेत, त्यांना अजून
डिझेलचा आणि कुठल्याशा जुन्या माशाचा वास.
खोका उघडायचा. टाचण्या, क्लिपा, स्टेपलच्या पिना
बोथट सुरीनं काढायच्या, कागद न दुखवता.
धातू बरणीत. कागद नव्या फोल्डरात.
उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर,
उद्या कुणाला खोडता येईल इतक्या हलक्या हातानं.
"वाचू नका," कर्स्टी म्हणते, "मोजा.
वाचत बसलात तर आपण दोघी इथेच म्हाताऱ्या होऊ."

आमच्याकडे ह्याला दप्तर म्हणतात, मी तिला सांगितलं,
आणि पोरं शाळेत पाठीवर नेतात त्यालाही.
जुन्या सरकारी कागदांच्या गाठोड्याला रुमाल.
रुमाल म्हणजे? मी खिशातला दाखवला.
तिनं नाक शिंकरायची खूण केली.
अगदी तोच, म्हटलं.

खोका एकशे अठ्ठ्याऐंशी.
घरपगाराची वही, छप्पन्न-सत्तावन्न.
दर शुक्रवारी खिडकीतून
खलाशाच्या बायकोला इतके इतके शिलिंग, समोर सही.
मिसेस थर्लबीची सही जाड,
टीवरची आडवी रेघ शेजारच्या रकान्यात घुसलेली.
वाचली नाही मी. डोळे आपसूक गेले.
काउंटरची सवय, आधी सही पडताळायची.
अठ्ठावीस शुक्रवार ती रेघ.
मग लाल शाईत, दुसऱ्याच हातचं:
'ब्रॅम्बल' बेपत्ता. नऊ फेब्रुवारीपासून पगार बंद.
त्या दिवसापर्यंतचा चुकता केलेला, पेन्सपर्यंत.
मी बेरीज दोनदा केली.
बरोबर होती.

वहीच्या मागे पाकीट.
त्यात एक बिल: गमबूट, एक जोड, परत आले नाहीत.
आणि एकाच टाचणीनं टोचलेल्या सात पावत्या,
पाच-पाच शिलिंगांच्या.
मिळाले. मिळाले. मिळाले.
सातवीवर, बाकी शून्य.

टाचणी निघेना. गंजून कागदाचीच झालेली.
ओढली असती तर बाकी शून्य फाटलं असतं.
कर्स्टीला हाक मारली. तिनं सुरी घेतली,
श्वास रोखून, केसाएवढं केसाएवढं सोडवत आणली,
आणि मग तिथेच उभी राहून
सगळं वाचलं.
"माझे आजोबा गोदीवर होते," म्हणाली. "बर्फ फोडायचे."
पुढे काही नाही.
टाचणी बरणीत पडल्याचा आवाजही आला नाही,
बरणी भरत आलीय.

यादीत 'वर्णन' असा रकाना असतो.
मी लिहिलं: किरकोळ पावत्या, ७.
असंच लिहायचं, तिनंच शिकवलेलं.
चहा पिऊन आले तर स्क्रीनवर किरकोळ नव्हतं.
थर्लबी, मिसेस ई. नवऱ्याच्या बुटांचे पैसे, हप्त्यानं. पावत्या, ७.
गंजाचा डाग प्रत्येकीवर, एकाच जागी.
मी विचारलं नाही. ती बोलली नाही.
त्या आठवड्यात अकराऐवजी आमचे
नऊच खोके झाले.

पाच वाजता लॉकर चौदा. बांगड्या.
घरी कणीक मळताना बोटांना लोखंडाचा वास,
हात दोनदा धुतले होते तरी.
नवऱ्यानं विचारलं, आज काय केलंस?
म्हटलं, एक टाचणी काढली.