दिसण्यापुरती पायपेटी

शहापुरात, माग थांबलेल्या बोळात
माझं दुकान. पाटी तीनदा रंगवली:
आधी मराठी, मग दोन्ही,
आता कन्नड मोठं, खाली मी, बारीक.

सौमित्र हुंद्रे टेम्पो घेऊन आला.
"भरमूकाका, संगीत नाटक बसवलंय, दीड तासाचं.
ही पायपेटी तेवढी पुसून द्या.
वाजाय नको, नुसती दिसाय पायजे.
गाणी सगळी ट्रॅकवर हाईत."
मी म्हणालो, बरं.

झाकण काढलं.
उंदराचं घर. त्यात कुरतडलेली
चार आण्यांची तिकिटं, एक सुपारी,
आणि भात्याच्या घडीत अडकलेली
केसांतली आकडी.
बाईची, की बाई झालेल्या बुवाची, कोण सांगणार.

आजा सांगायचा, नायिकेची दाढी होईस्तोवर
पहिली घंटा व्हायची नाही.
येळ्ळूरहून बैलगाडी, गाडीखाली हेलकावणारा कंदील,
आणि एकेक पद अर्धा अर्धा तास.
नायक मरणार, पण गाऊन मरणार,
लोक ओरडणार वन्स मोअर,
तो उठणार, अंगरखा झटकणार, पुन्हा मरणार.
घरी येईतो धारा काढायची वेळ.
पुढं बायकांची कामं बायकाच करू लागल्या तेव्हा
आजा पानाची पिंक टाकून म्हणाला,
"बाईला बाईसारखं चालता येत नाही."

बाबांची तक्रार माईकवर.
"तारेतनं कधी गाणं येतंय काय?"
म्हणायचे, आणि रात्रपाळी चुकवून,
सायकलला रिकामा डबा खडखडवत
तिसऱ्या घंटेला पोचायचे.
डबा रिकामा कसा, हे आईला कळायचं.
ती बोलायची नाही, दुसऱ्या दिवशी
भाकरी थापता थापता
बाबांनी गुणगुणलेलं पद पुरं करायची.
तिनं थिएटर आतून कधी पाहिलंच नव्हतं.

मी त्या माईकवरच वाढलो.
मला नांदीआधीची ती शिट्टीच
नांदीचा पहिला सूर वाटायची.
तेव्हा ट्रॅकला नावं ठेवायची पाळी आता माझी,
घराण्याची चाल आहे, मोडून कसं चालेल?

पण हात ऐकेनात.
पुसता पुसता भात्याला नवं चामडं लावलं.
सगळे सूर गंजलेले, एक तेवढा जिवंत निघाला,
मधली काळी चार.
घासला, बसवला, कुणाला बोललो नाही.
बिलातही धरला नाही.

प्रयोगाला शंभरेक माणसं.
श्राव्याच्या गालावर तिळाएवढा माईक.
ती पेटीपाशी बसली, ट्रॅक सुरू झाला,
ती बोटं नाचवू लागली, खोटीखोटी,
पाय मात्र खरेच दाबत होती, पोरगी नादिष्ट.
आणि बोट पडलं काळी चारवर.

जुन्या मापाचा सूर तो, केसभर खाली.
ट्रॅकचा वर, माझा खाली,
दोघांच्या मध्ये एक थरथर उठली,
भरल्या हंड्याला धक्का लागावा तशी.
साउंडवाला पोरगा वायरी चाचपत धावला.
पुढच्या रांगेत कुणी कानात बोट घातलं.
श्राव्या दचकली, पट्टीकडे बघितलं,
आणि पुन्हा दाबली. या खेपेला मुद्दाम, लांबवून.

मागून बसलिंगप्पा ओरडला, "इन्नोम्मे!"
नव्वदीचा विणकर, मराठी धड कळत नाही,
नाटक एकही चुकवलेलं नाही.
लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा झोपेत बोलला.

मध्यंतर नव्हतंच. कुंदा नाही, भजी नाही,
साडेआठला सगळे आपापल्या स्कूटरवर.
सौमित्र आत आला, घामाघूम.
"काका, पेटीतनं आवाज आला की ओ!"
म्हटलं, "जुनी आहे. पोटात वारा धरते."
"उद्याच्या आधी तेवढा काढून टाका."
मी म्हणालो, बरं,
आणि पान्यासाठी चारी खिसे चाचपले.
सापडला नाही.
म्हणजे, दुसऱ्याच खिशात सापडला होता.