क संघाची वही

अ संघाची वही जाड पुठ्ठ्याची, जळगावहून आणलेली.
ब संघाची त्याच वहीच्या मागच्या पानांतून फाडलेली.
क संघाचे रन मी लिहितो
फ्रूटसेल सोसायटीच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर.
पावती उजेडाकडे धरली की
गोपाळ नेहेतेच्या अठरा धावांतून
आरपार दिसतात
कुणाच्या तरी केळीचे बावीस क्विंटल.

दिवाळी सरली की मॅट उलगडायची.
काथ्याची, मधोमध उंदरांनी खाल्लेली,
नेमकी गुड लेंग्थवर.
खिळे रेल्वेचे. कुठून आले हे विचारायचं नाही.
सिकंदर तडवीचे वडील गँगमन होते, एवढं पुरे.

गुरुवारी संध्याकाळी बंद जिनिंगच्या भिंतीवर
मी खडूनं तीन याद्या लिहितो.
माणसं येतात, सायकलवरून न उतरता
एक पाय टेकवून वाचतात.
आपलं नाव शोधत वरून खाली यायला
किती वेळ लागतो, मला पाठीमागून कळतं.
हेमराज भारंबे सतरा वर्षं पहिल्या यादीत होता.
मग चार वर्षं दुसऱ्या.
यंदा तिसरी वाचून झाल्यावर म्हणाला,
"अक्षर सुधारलं भो तुझं."

पहिल्या यादीत सातवं नाव चेतन हेमराज भारंबे.
घरात चांगल्या पॅडची जोडी एकच.
रविवारी पहाटे ती भुसावळला जाते,
आणि बाप इकडे मुलाचे शाळेतले पॅड बांधून उतरतो,
गुडघ्याच्या आधीच संपणारे.

अ संघ भुसावळला हरला, चोपड्याला जिंकला,
रावेरला पंचाशी भांडून जेवण न घेता परत आला.
(भरीत होतं म्हणे. तेच जास्त लागलं.)
ब संघाचा अर्धा सीझन चेंडूच्या शिवणीबद्दल बोलण्यात गेला.
आमचे अकरा कधी झालेच नाहीत.
नऊ, दहा,
एकदा आठ आणि एक क्लीनर:
त्याचा ट्रक दिल्लीला निघायचा होता,
घड भरून होईपर्यंत तो लाँग ऑनला उभा राहिला,
दोन झेल घेतले,
नाव विचारायच्या आत हॉर्न वाजला.
पावतीवर तो "क्लीनर" असाच आहे, दोनदा.

चेंडू बागेत गेला की आणायला आम्हीच.
केळीचा चीक पांढऱ्या कपड्याला लागतो तेव्हा दिसत नाही,
धुतल्यावर काळा होतो.
कोण कुठल्या संघातून खेळतो
ते दोरीवर वाळणाऱ्या शर्टावरून
अख्ख्या गल्लीला कळतं.

आखाजीच्या आधीचा शेवटचा सामना, यावलचा दुसरा संघ.
सकाळी साडेसहाला सुरुवात,
नऊलाच मॅटचा काथ्या तळव्याला पोळायला लागला.
अ संघाचा सीझन आधीच आटोपलेला, ते भिंतीवर बसून.
पंच आला नव्हता. चेतनला कोट दिला.
हेमराज एकतीसवर,
बऱ्याच वर्षांनी तो जुना कट मारलेला,
भिंतीवरची पोरं गप्प झालेली.
मग एक खाली राहिलेला चेंडू,
गुडघ्यावर, जिथे पॅड नव्हता.

अपील मोठं झालं.
चेतननं बापाकडे पाहिलं नाही, विकेटकडे पाहिलं,
बोट वर केलं.

हेमराज माझ्या शेजारी येऊन बसला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.
"बाहेर जात होता का रे?" मी विचारलं.
"लिही ना तू," तो म्हणाला.
लिहिलं. पायचीत, एकतीस.
पेन्सिल घामानं ओली, त्यामुळे तीनवर डाग.

हरलो. चार धावांनी, की पाच,
एका वाईडबद्दल अजून वाद आहे.

मॅट गुंडाळायला तिन्ही संघ लागतात, इतकी जड.
खाली फिकट पडलेली जमीन, एक शर्टाचं बटण.
हेमराज खिळे मोजत होता.
सत्तावीस. पुन्हा मोजले. सत्तावीस.
उद्यापासून इथे पोरं अनवाणी खेळणार.

मग अ, ब, क सगळे एका रांगेत,
माना खाली, पायानं माती चाचपत
या टोकाकडून त्या टोकाला.
बाप आणि मुलगा शेजारी शेजारी, काही न बोलता.
अठ्ठावीस झाले तेव्हा बारा वाजून गेले होते.